माझ्या भावाची छाती

माझ्या धाकट्या भावाच्या छातीवर पहिला विनोद मीच केला. नंतर पुष्कळांनी केले, काहींचे माझ्यापेक्षा घाण होते, पण सुरुवात माझी. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणाला असं वाटायला नको की मी बाजूला उभा राहून बघत होतो.

आम्ही बाळकुमचे. आजोबा आणि बाबा मिठागरावर राबले, थोडी भातशेती होती. ती जमीन बिल्डरकडे गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये आम्हाला शेजारशेजारचे दोन फ्लॅट मिळाले. एकात आई आणि भाऊ, दुसऱ्यात मी आणि माझी बायको. मधली भिंत फोडून एक दार केलेलं, ते कधी लावलेलं नसायचं. बाबा गेले तेव्हा भाऊ कॉलेजात होता. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, त्यामुळे बाबांनंतर त्याच्यावर ओरडायचं काम माझ्याकडे आलं. तो मला दादूस म्हणायचा.

मी कबड्डी खेळायचो. गुडघा गेल्यावर मंडळाचा संघ शिकवायला लागलो आणि आसपासच्या स्पर्धांमध्ये माइकवर बोलायला लागलो. बोलण्यात मी पक्का. कुठल्या खेळाडूला काय लागतं ते मला बरोबर कळायचं आणि तेच मी माइकवर बोलायचो. लोक हसायचे. आयोजक मला पुन्हा पुन्हा बोलवायचे ते त्यासाठीच.

भाऊ आमच्या संघाचा चढाईचा खेळाडू. चोवीस वर्षांचा, काटक, लांब पायांचा. त्या थंडीत त्याने जर्सीच्या आत बनियन घालायला सुरुवात केली. कबड्डीची जर्सी बिनबाह्यांची, अंगाला चिकटलेली. आत बनियन घातलं की घामाने गोळा होतं, कुणी घालत नाही. मी नीट बघितलं तर त्याची छाती दोन्ही बाजूंनी वर आलेली. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची असते तशी. बाकी अंगावर कुठेच चरबी नाही.

मी सगळ्या पोरांसमोर बोललो, "काय रे, बनियनने काय होणार? वहिनीकडून एखादी जुनी मागून घे."

पोरं हसून लोळली. तोही हसला. त्या संध्याकाळपासून मैदानावर त्याचं नाव वहिनी पडलं. "वहिनी, चढाई घे." "वहिनी, पाणी दे." आठवड्याभरात समोरच्या संघांनाही ते माहीत झालेलं.

मग आंबिवलीजवळ एक स्पर्धा होती. मी माइकवर आणि तो मैदानात. उपांत्य सामना, शेवटची पाच मिनिटं. तो चढाईला गेला आणि कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याला मागून छातीला कव घालून आवळलं. माझा भाऊ किंचाळला. कबड्डीत पोरं ओरडतात, पण ही किंचाळी वेगळीच होती. मध्यरेषा हाताभर अंतरावर होती. तिच्याकडे झेपायचं सोडून तो दोन्ही हात छातीवर घट्ट धरून गुडघ्यांवर बसला.

मी माइकवर बोललो, "अहो पंच, शिट्टी वाजवा! बाईमाणसाला असं धरतात का?"

सगळं मैदान हसलं. बायकांच्या बाजूच्या खुर्च्यांवरूनसुद्धा हसू आलं. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलेलं. वीस-बावीस सेकंदांचा तो व्हिडिओ दोन दिवसांत आमच्या नात्यागोत्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. मी तो नंतर खूप वेळा बघितला आहे. हसण्याचा आवाज चढतो तेव्हा भाऊ मान वर करतो आणि पंचाकडे न बघता माइकच्या टेबलाकडे बघतो.

परत येताना गाडीत तो माझ्या शेजारी बसलेला. कल्याण मागे पडलं तेव्हा हळूच बोलला, "दादूस, दुखतं रे. खरंच दुखतं."

"जिममध्ये काय घेतोस ते बंद कर."

"आईशप्पथ, काही घेत नाही. अंडी खातो फक्त."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी त्याचं कपाट तपासलं. इंजेक्शन सापडेल, पावडरचा डबा सापडेल असं वाटलेलं. सापडलं ते मुरगळलेल्या पायाला बांधतात तसलं ताणलं जाणारं बँडेज, घामाने पिवळं पडलेलं. तो ते रोज छातीला गुंडाळून कामावर जात होता. मी ते होतं तसं परत ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्या महिन्यात माझ्या हातून झालेलं एवढंच एक चांगलं काम.

होळीच्या सुमाराला त्याची कंबर दुखायला लागली. नुसती कंबरही नाही, पाठीच्या मध्यावर, आतून. तो जमिनीवर जेवायला बसेना. उताणं झोपता येईना. आई दोन वेळा तेल चोळायची आणि म्हणायची, "त्या खेलापायीं हाडं मोडून घेतलीस रं पोरा." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, दुखायच्या गोळ्या दिल्या. छाती दाखवली तर बोलले, वयात येताना होतं काही मुलांना, जाईल. चोविसाव्या वर्षी कुठलं वयात येणं, हे त्यांना मी विचारलं नाही. त्यालाही सुचलं नाही. पट्ट्याच्या खाली काय चाललंय ते कुणीच विचारलं नाही.

मग मी त्याला कल्याणला एका हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेलो. हा माणूस पाठीवर उभा राहून पायाने दाबायचा. भावाने तोंडात टॉवेल धरलेला. मी शेजारी बसून त्याला धीर देत होतो, "थोडं सहन कर, पुरुषासारखा पुरुष तू." त्या माणसाची टाच त्याच्या मणक्याच्या बाजूला रुतत होती आणि टॉवेलमधून येणारा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

इथे माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झालेली आणि मूल नव्हतं. तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या, ठाण्यातल्या तीन दवाखान्यांत. आईने तिला देवाधर्माचे, अंगाऱ्या-धुपाऱ्याचे जेवढे उंबरे होते तेवढे झिजवायला लावलेले. माझी तपासणी झालेली नव्हती. एका डॉक्टरने सुचवलं तेव्हा मी त्या दवाखान्यात जाणं बंद केलं. बाथरूमच्या कपाटात, साबणांच्या मागे, ती दिवस राहिलेत का ते बघायची किट ठेवायची. दर एक-दोन महिन्यांनी एक संपायचं. दर वेळी एकच रेघ.

एका रविवारी सकाळी भाऊ आमच्या बाजूला चहाला आला. बायकोने पोहे पुढे केले, त्याने ताटली सरकवली. "नको वहिनी, सकाळी उठल्यापासून मळमळतंय."

मी लगेच बोटं मोजायला लागलो. "मळमळतंय. छाती भरून आलीय. कंबर दुखतेय. अरे, याला दिवस गेलेत!"

बायको हसली नाही. भाऊ थोडासा हसला. आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी बाथरूममध्ये जाऊन साबणांच्या मागून एक किट काढलं आणि खिशात टाकलं. का केलं ते आज विचारलं तर सांगता येत नाही. सहा वर्षं जिच्याबद्दल आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, त्या वस्तूची एकदा तरी चेष्टा करून टाकावी, असं काहीतरी असेल.

दुपारी मंडळाच्या खोलीत सरावाआधी पोरं जमलेली. मी किट बाहेर काढलं तेव्हा जो गोंधळ झाला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. भाऊ नको नको म्हणाला, मग बोलला, "एकदा करतो, पण मग वहिनी म्हणायचं बंद. कबूल?" सगळ्यांनी कबूल केलं. तो चहाचा कागदी कप घेऊन मागच्या संडासात गेला आणि भरून घेऊन आला. एकाने ड्रॉपरने थेंब टाकले. आम्ही बारा-तेरा जण त्या पांढऱ्या पट्टीवर वाकलो.

एक गुलाबी रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी. पहिलीपेक्षा गडद.

मग जे हसू फुटलं त्याला तोड नव्हती. कुणी "पेढे, पेढे" ओरडलं. दोघांनी त्याला खांद्यावर घेतला आणि खोलीभर नाचवला. तो वर बसून हसत होता, आणि हसता हसता पाठीत कळ आली की तोंड वाकडं करत होता. मी किटचा फोटो काढला, खाली लिहिलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?" आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

वहिनी म्हणणं काही बंद झालं नाही.

संध्याकाळी मी बायकोलाही फोटो दाखवला. मला वाटलं हसेल. ती ओट्याशी उभी होती, हात पुसून तिने फोन जवळ घेतला.

"हे कुणाचं?"

सांगितलं.

"माझ्या कपाटातलं घेतलं?"

"एक घेतलं. काय झालं? किट बिघडलेलं असणार."

तिने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "सहा वर्षांत माझ्यासाठी एकही बिघडलं नाही," ती बोलली. "एकदा तरी चुकून दुसरी रेघ यायला हवी होती. नाही आली. मग भाऊजींचं कसं बिघडलं?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि ते वहिनी म्हणणं. मैदानावर अख्ख्या गावासमोर. मी काय शिवी आहे?"

नंतर ती स्वतःच्या फोनवर काहीतरी शोधत बसली. अर्ध्या तासाने मला हाक मारली. "हे वाचा." पुरुषाच्या लघवीत ही चाचणी होकारार्थी आली तर खाली गाठ आहे का ते तपासून घ्यावं, असं काहीतरी होतं. कधी कधी खाली काही दुखत नाही, छातीच आधी सुजते, पाठच आधी दुखते. मी तीन-चार ओळी वाचल्या आणि चिडलो.

"नेटवर काहीही लिहितात. आता काय, मी त्याच्या चड्डीत बघू? की तू बघणार?"

तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं. मला बरंही वाटलं, कारण ती गप्प झाली.

तिने तरी दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं. मधल्या दारात उभी राहून, खाली बघत. "भाऊजी, खाली कुठे गाठबीठ, जडपणा, काही आहे का?" तो कानापर्यंत लाल झाला आणि "नाही, नाही" करून निघून गेला. भावजय दिराला असं विचारते म्हणजे तिला किती भीती वाटली असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मी तिला बोललो, लाज सोडलीस काय. त्यानंतर अठरा दिवस गेले. अठरा दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नाही.

भावाचं लग्न कल्याणच्या बाजूला ठरत आलेलं. मुलीकडच्यांनी आंबिवलीचा व्हिडिओ बघितला. तिचा काका मला फोनवर बोलला, "पोरगा चांगला आहे, पण हळदीला उघडा बसवणार कसा? तेवढं नीट करून घ्या, मग तारीख काढू." म्हणून आम्ही ठाण्यात छातीचं ऑपरेशन करणाऱ्या एका डॉक्टरकडे गेलो. आजार म्हणून गेलो नाही. हळदीत पोरगा बरा दिसावा म्हणून गेलो. बायको न विचारता गाडीत येऊन बसली. मी म्हटलं तुझं काय काम, ती बोलली, "मी येणार," आणि दार लावून घेतलं.

डॉक्टर साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. त्यांनी छाती दाबून बघितली, काय औषधं घेतोस, दारू पितोस का, सगळं विचारलं. रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या. तेवढ्यात बायको बोलली, "डॉक्टर, ह्यांनी गंमत म्हणून भाऊजींची प्रेग्नन्सी टेस्ट केलेली. दोन रेघा आल्या."

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. डॉक्टरांचा हात थांबला.

"गंमत कुणी केली?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"पट्टी ठेवली आहे का?"

"फोटो आहे."

मी फोन दिला. त्यांनी फोटो बघितला आणि खाली मी लिहिलेलंही वाचलं. ते वाचायला त्यांना वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि भावाला बोलले, "तुम्ही आत या. पँट उतरवावी लागेल."

"सर, मी छातीसाठी आलोय."

"माहीत आहे. छातीसाठीच बघतोय."

पडदा पातळ होता. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हे कधीपासून असं कडक आहे?"

"वर्ष झालं असेल."

"दुखत नाही?"

"नाही. जड वाटतं फक्त. दुखत नव्हतं म्हणून..."

"वर्षभर कुणालाच सांगितलं नाहीत?"

मग भाऊ बोलला, "घरी हसतात, सर."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. पर्समधून रुमाल काढून हातात धरून बसली.

बाहेर येऊन डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. डाव्या वृषणात गाठ होती. गर्भार बाईच्या अंगात जे द्रव्य तयार होतं तेच ही गाठ तयार करत होती. म्हणून छाती वाढली, म्हणून मळमळ, म्हणून दोन रेघा. पाठीचं दुखणं म्हणजे गाठीने पोटात, मणक्याच्या बाजूला पिल्लं घातली असावीत, ते स्कॅन केल्यावर कळेल. मी त्यांना कल्याणच्या माणसाबद्दल सांगितलं, तो पाठीवर कसा उभा राहिला ते. डॉक्टरांनी एकदा डोळे मिटले आणि बोलले, "पुन्हा नेऊ नका."

मी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"पहिल्यांदा छाती सुजली तेव्हा आला असतात तर कदाचित एका ऑपरेशनवर भागलं असतं. कदाचित. खात्रीने सांगता येणार नाही. पण हा बरा होणारा आजार आहे. आता एक दिवसही घालवू नका."

लिफ्टपाशी मी भावाला विचारलं, "अरे, मला का नाही सांगितलंस?"

तो बोलला, "तुला?"

एवढंच. लिफ्ट आली, तो आणि बायको आत गेले. मी जिन्याने उतरलो.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. सोनोग्राफीत गाठ दिसली, स्कॅनमध्ये पोटातली पिल्लं दिसली. ऑपरेशन करून एक वृषण काढलं, जांघेतून. मग केमोच्या तीन फेऱ्या. त्याआधी डॉक्टर बोलले की औषधांनी बीज मरू शकतं, पुढे मूल हवं असेल तर आधीच साठवून ठेवा. टाके ओले असताना मी त्याला त्या लॅबमध्ये घेऊन गेलो. तो डबी घेऊन आतल्या खोलीत गेला. बाहेरच्या बाकावर बायको माझ्या शेजारी बसलेली. समोर भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो.

ती हळू बोलली, "तुम्ही पण द्या."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"सहा वर्षं मी दिलंय. सगळं दिलंय. एकदा तुम्ही द्या."

त्या दिवशी मी दिलं नाही.

आईला सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी डोकं धरलं. मग केमो चालू असताना दोन रेघांची गोष्ट तिच्या कानावर आली आणि तिला कारण सापडलं. मधलं दार उघडंच होतं. ती मला बोलली, पण पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "त्या वांजोटीच्या कपाटातली वस्तू माज्या पोराला लावलीस. तिचा वांजपना माज्या पोराच्या अंगान घातलास."

मी माइकवर बोलणारा माणूस. कुणाला काय लागतं ते मला बरोबर कळतं. मला काही बोलायला सुचलं नाही असं नाही. मी बोललो नाही. पलीकडून बायको आली आणि तिने ते दार लावून घेतलं. भिंत फोडल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भावाचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेलेली, कारण केमोत त्याच्या तोंडात फोड आलेले आणि तिच्या हातची पेज तेवढी त्याच्या घशाखाली जायची.

केमोने त्याचे केस गेले, भुवया गेल्या. कानात सारखी शिट्टी वाजते, असं तो सांगायचा. छाती मात्र तशीच होती. हाडांवर कातडी उरलेली आणि त्यावर ते दोन उंचवटे. संघातली पोरं एकदा भेटायला आली, दहा मिनिटं पायाकडे बघत बसली आणि गेली. पुन्हा आली नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये तो घरी असताना मुलीचा काका आला. आईने सरबत दिलं. काकाने ते संपवलं, ग्लास खाली ठेवला, आणि हॉलमध्ये, आई आणि मी समोर असताना, बायको सरबताचा ट्रे घेऊन उभी असताना विचारलं, "स्पष्टच विचारतो. एकाने होतं का?"

आई खाली बघायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला. तेवढ्यात आतून भाऊ आला. भिंतीला हात लावत लावत. डोक्यावर एक केस नाही, अंगात बनियनसुद्धा नाही. तो मुद्दाम तसाच आला, असं मला वाटतं. काकाची नजर छातीवर गेली आणि तिथून हलेना.

"होतं," भाऊ बोलला. "एकाने सगळं होतं. पण तुमच्या घरात नको."

काका उठला. जाताना आईला बोलला, पोराला वळण नाही.

त्या आठवड्यात मी एकटाच त्या लॅबमध्ये गेलो आणि डबी घेतली. रिपोर्ट चार दिवसांनी मिळाला. तिथल्या बाईने मला समोर बसवून सांगितलं की माझ्यात जवळजवळ काहीच नाही. भावाचं, आजारात आणि ऑपरेशननंतर घेतलेलं, थोडं का होईना पण ठेवण्यासारखं निघालेलं. माझं ठेवण्यासारखंही नव्हतं.

मी घरी जाऊन आधी आईच्या बाजूला गेलो. ती खाली बसून सुकट निवडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, "दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे. पहिल्यापासून."

तिने मान वर केली नाही. "डाक्टर काय पन बोलतान," ती बोलली आणि निवडत राहिली. बायकोची तिने माफी मागितली नाही. मीही ती मागितली असं म्हणता येणार नाही. मी रिपोर्ट बायकोच्या हातात दिला. तिने वाचला, घडी करून स्वतःच्या रिपोर्टांच्या फाईलमध्ये ठेवला, आणि बोलली, "आता इथे शोभतो."

भाऊ बरा झाला. तिसऱ्या फेरीनंतर पोटातली पिल्लं सुकली, रक्तातलं ते द्रव्य खाली आलं आणि खालीच राहिलं. याला आता तीन वर्षं होतील. त्याने कबड्डी सोडली. डोंबिवलीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. ठाण्याहून रोज जाता आलं असतं. त्याला जायचं नव्हतं. माइकवर बोलणं मीही सोडलं, पण त्यात मोठेपणा काही नाही. माइक हातात घेतला की समोर बसलेल्या लोकांचे चेहरे बघवेनात. मंडळाच्या पोरांना मात्र मी एकदा बसवून सांगितलं की आंघोळ करताना खाली हात लावून बघत जा, कडक काही लागलं, जड वाटलं, छाती दुखली तर लाज सोडून या. दोघं-तिघं हसली. मी हसू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी असते. बायको त्याच्याबरोबर जाते आणि गाडी मी चालवतो. तो तिच्याशी बोलतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि आता मला काही म्हणून हाक मारत नाही. वाक्य थेट सुरू करतो.

गेल्या वेळी रिपोर्ट चांगला आला आणि आम्ही ठाण्यातच एका खानावळीत जेवायला थांबलो. बायको हात धुवायला गेलेली. आम्ही दोघंच समोरासमोर. मी बऱ्याच दिवसांपासून ठरवलेलं ते बोललो, "माझं चुकलं रे. ते व्हिडिओचं, किटचं, सगळंच."

तो पाण्याचा ग्लास फिरवत होता. "तू तसाच होतास," तो बोलला. "तुझं मला काही वाटत नाही. त्या खोलीत खांद्यावर बसून मी पण हसलेलो. पाठीतून जीव जात होता आणि मी हसत होतो, तुम्ही सगळे खूश व्हावेत म्हणून. ते मला झोपू देत नाही."

बायको परत आली, तिने आम्हा दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता बसली. सुरमईची ताटं आली. भावाने स्वतःच्या ताटातला एक तुकडा काढून तिच्या ताटात ठेवला आणि जेवायला लागला. मीही जेवलो.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. गाडी काढ, असं त्याने मला सांगितलेलं नाही. नको, असंही म्हणालेला नाही.